यंदा गोव्याला उतरणार नाही

टिळकवाडी, बेळगाव

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर काही सांगायला गेले की आईचा आवाज लगेच ओला होतो आणि बाबा "बघूया" म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहिते आहे. गोव्याच्या ट्रायथलॉनमधून, त्या पोहणं-सायकल-पळण्याच्या स्पर्धेतून, मी नाव काढून घेतलंय. परवाच. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण बाबा "तुझं तू बघ" म्हणाले असते आणि मी परत पळायला गेले असते.

घाबरू नका, मोडलेलं काही नाही. चालते, जिना चढते, ऑफिसला जाते. उजव्या नडगीत आतल्या बाजूला बोटाएवढ्या जागेत दुखत होतं. आधी पळताना, मग पळून झाल्यावर, शेवटी रात्री झोपेतसुद्धा. एमआरआयमध्ये हाडाला ताण आलेला दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून तडा गेलेला नाही, पण अशीच पळत राहिलीस तर जाईल. सहा ते आठ आठवडे पळणं बंद. दुखत नसेल तर पोहायला परवानगी आहे.

बाबा, कॅलेंडरच्या मागं तुम्ही लिहून ठेवलेले आकडे मला पाठ आहेत. पोहणं 1.9 किलोमीटर, सायकल 90, पळणं 21.1. सायकलीसाठी साठवणीचं भात विकलंत, तेही विसरलेली नाही. म्हणून तर इतके दिवस गप्प राहिले. फीचे पैसे परत मिळायचे नाहीत, पण ते माझ्या पगारातले होते. सायकल कुठं जात नाही, पुसून आत ठेवलीय. खेळही सोडलेला नाही.

सराव कमी पडला म्हणून हे झालं, असं मनात आणू नका. चार वर्षं पहाटे साडेचारला उठतेय, किणयेचा रस्ता धुक्यात, पावसात, कशातही चुकवला नाही. चुकलं ते दुसरीकडं. तीन आठवडे जोराचा सराव झाला की चौथा हलका घ्यायचा असतो, सगळं निम्म्यावर आणायचं. सरावात अंग झिजतं आणि भरून येतं ते झोपेत, सुट्टीच्या दिवशी. हाडाला तर त्याहून जास्त दिवस लागतात. मी तो चौथा आठवडा लागोपाठ तीनदा गाळला. सकाळी उठल्याउठल्या नाडी 52 च्या आसपास असायची, ती महिनाभर 60 च्या वर होती. रोज वहीत लिहीत होते, त्यातून काही समजून मात्र घेत नव्हते.

आई, मे महिन्यात आले तेव्हा तू विचारलं होतंस, पाळी वेळेवर येते का. मी "येते गं" म्हणून उडवून लावलं. येत नव्हती. सरावाच्या मानानं खाणं कमी पडलं की पाळी थांबते आणि हाडंही कमजोर व्हायला लागतात, हे मला आता तपासणीत कळलं. तू तर नुसतं तोंडाकडं बघून ओळखलं होतंस. बाबांनी हे वाचलं तरी चालेल, लपवण्यासारखं काही नाही. आता नीट खातेय. सकाळी नाचणीचं अंबील, पोहून आल्यावर अंडी, दुपारी भाकरी, आणि संध्याकाळी घरमालकीण काकू वाटीभर आमटी हमखास देतात. खोली गळत नाही. साडेनऊला दिवा बंद.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. गेल्या महिन्यात त्या रविवारी सायकलनं जांबोटीला आले, पार आपल्या घरासमोरून. आई, तू छत्री धरून रस्त्याला उभी होतीस, हातात झाकलेला तांब्या. मी हात केला आणि पुढं गेले, कारण घड्याळ थांबवायचं नव्हतं. परत फिरले तेव्हा तू तिथंच होतीस. तेव्हाही थांबले नाही.

बाबा, आपल्याकडं सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नव्हतो. त्या दिवशी सर्ज्या गोठ्यात निवांत रवंथ करायचा आणि तुम्ही माझ्या पाठीला डबा बांधून मला मलप्रभेत सोडायचात. पोटाखाली तुमचा हात असायचा. तो कधी काढून घेतलात ते मला अजून सांगितलेलं नाही. मग पॉवर टिलर आला आणि तुमचा सोमवार गेला. टिलरला सोमवार लागत नाही, तुम्हाला लागतो. आजपासून सोमवारी रानात जायचं नाही, बांधावर नुसतं बघून यायलासुद्धा नाही. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. रागावू नका, तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

आणि आई, गुडघा दुखत असताना विहिरीवरून घागर आणायची नाही, दादाला सांग. हब्बनहट्टीच्या मारुतीला बोललेला नारळ राहू दे. पुढच्या वर्षीचं नाव द्यायच्या आधी आपण दोघी जाऊन देऊ.

शनिवारी सकाळच्या बसनं येते. आधार कार्ड दाखवलं की आम्हा बायकांना तिकीट पडत नाही, तेव्हा पैशाचं काढू नका. रजा टाकलीय, गणपती होईपर्यंत राहते. बाबांनी स्टँडवर घ्यायला यायचं नाही. आई, तूही रस्त्याला येऊन उभी राहू नको. मी आत येते.

तुमची,
बाळी