शेत कुणाचं, तेही छापा

महोदय,

आमच्या डिचोली तालुक्यातल्या पिळगावात शेतकऱ्यांनी खनिजाच्या ट्रकांची वाट अडवली, त्या वादाची बातमी कालच्या अंकात वाचली. ट्रक कसे थांबले, सारमानसच्या जेटीवर माल कसा पोचत नाही, ट्रकमालकांचे हप्ते कसे थकणार, हे सगळं तिच्यात आहे. ज्यांच्या जमिनीतून हे ट्रक जातात, त्यांचं म्हणणं मात्र शेवटच्या दोन ओळींत उरकलं आहे. ट्रकमालकांविषयी माझ्या मनात काही वाकडं नाही. २०१२ आणि २०१८च्या खाणबंदीत त्यांचे झालेले हाल आम्ही याच तालुक्यात पाहिलेत. पण शेतकऱ्याने वाट अडवली म्हणजे तो साऱ्या गोव्याच्या पोटावर उठला, असा सूर आपल्या वर्तमानपत्राने लावावा, याचा राग आला म्हणून लिहितो आहे.

खाणपट्टा घेणाऱ्याला पट्ट्याच्या हद्दीतल्या जमिनीत उतरायचा हक्क खाण कायद्याच्या कलम २४अ ने दिला आहे. जमीन कसणाऱ्याला भरपाई द्यायचं बंधनही त्याच कलमात आहे. पण खाणीपासून नदीपर्यंतची वाट पट्ट्याबाहेरची. तिथे पट्ट्याचा कागद दाखवून कुणाच्या शेतात घुसता येत नाही. २०२२मध्ये सरकारने खाणींचे ब्लॉक आखले, लिलाव केले. माल कुणाच्या जमिनीवरून जेटीला जाणार, हे तेव्हाच जमीनमालकांना बसवून ठरवायला नको होतं का? ते केलं नाही आणि आता शेतकऱ्याला कोर्टाची पायरी चढायला लावतात.

मी पिळगावचा नाही, पण आमच्याही गावात हेच घडलं. वडिलांनी एका खाण कंपनीला बांधाच्या कडेने तात्पुरती वाट दिली, तोंडी. मॅनेजर घरी येऊन सोप्यावर बसायचा, वडिलांचा हात हातात घेऊन बोलायचा. त्याच्याकडे कागद मागणं त्या पिढीला अपमानाचं वाटे. पुढे त्या वाटेवर खाणीची टाकाऊ माती ओतून ती शेतापेक्षा पुरुषभर उंच केली. पाणी जायला खाली एकच पाईप घातला, तोही गाळाने बुजला. वरच्या अंगाचं पाणी तुंबून राहू लागलं आणि सरद, म्हणजे पावसाळी भाताचं, शेत कायमचं पडीक झालं. एप्रिलमध्ये येऊन बघा, सगळीकडे तांबडा गाळ तडकलेला दिसेल. कुदळ मारली तरी तांबडंच निघतं, आमची जुनी काळसर माती हाताला लागत नाही. वडिलांना शेवटपर्यंत वाटत होतं की मॅनेजर येईल आणि मोरी बांधून देईल.

भरपाईसाठी मी सरकारी कचेरीत अर्ज केला. शेतजमिनीची भरपाई तशाच जमिनीच्या मागच्या तीन वर्षांच्या निव्वळ उत्पन्नाच्या सरासरीवर काढायची, असा नियम मला तिथे दाखवण्यात आला. आता ‘तशीच जमीन’ आम्ही कुठून दाखवायची? शेजारची सगळी शेतं त्याच गाळाखाली आहेत. तिथले साहेब म्हणाले, पीकच नाही तर नुकसान कसलं? ज्याने शेत बुडवलं त्यानेच शून्य उत्पन्नाचा फायदा घ्यायचा, हा कुठला न्याय? गाळ येण्याआधी त्या शेतात जे पिकत होतं, त्यावरच हिशोब झाला पाहिजे. कृषी खात्याला हे ठरवणं जड नाही.

म्हणून पिळगावकरांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आपलं नाव असताना आपल्या शेतात आपण उभं राहिलो, तर गुन्हा काय? २०१७मध्ये सोनशीच्या गावकऱ्यांनी धुळीविरुद्ध आणि पाण्यासाठी ट्रक अडवले, तेव्हा त्यांना, बायकांसकट, तुरुंगात टाकलं होतं. तसं पुन्हा होऊ नये म्हणून तरी आपल्या वार्ताहराला त्या शेतात पाठवा. जेटीवरून फोटो काढून भागत नाही.

आणखी एक. खाणींच्या जाहीर सुनावणीच्या नोटिसा आपल्याच अंकात, आतल्या पानावर, भिंग घेऊनही वाचता येणार नाहीत अशा अक्षरांत येतात. त्या जाहिराती आहेत, त्यांचे पैसे आपल्याला मिळतात, हे मान्य. पण सुनावणीची तारीख आणि जागा त्याच दिवशी बातमी म्हणून ठळक छापायला काय हरकत आहे? गेल्या वेळी आमच्या वाड्यावर सुनावणी होऊन गेल्यावर कळलं. सुनावणी ज्यावर होते तो खाणीच्या पर्यावरणावरील परिणामांचा मूळ अहवाल तर शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. मराठीत मिळतो तो फक्त गोषवारा, आणि आमच्या वेळच्या गोषवाऱ्यात वाहतुकीच्या वाटेवरच्या शेतांचा उल्लेखही नव्हता. पुढच्या सुनावणीआधी आपण संपूर्ण मराठी अहवालाची मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी, डिचोली तालुका
(नाव छापू नये.)