वईला पर्याय करवंदीचा

संपादक महोदय,

दिवाळी सरली की कोकणात बागांच्या वया (तोडलेल्या फांद्यांची कुंपणे) बांधायची घाई सुरू होते. तोडलेल्या शिरडांची, म्हणजे काटक्या-फांद्यांची, वई पुढच्या पावसापर्यंत वाळवीच्या पोटात जाते आणि तारेच्या कुंपणाचा खर्च लहान बागायतदाराला झेपत नाही. इंग्लंडमध्ये शेतांच्या कडेला हॉथॉर्नची काटेरी कुंपणे शेकडो वर्षे राखली आहेत. आपल्याकडे तेच काम करवंद करते, तेही कातळावर, पाण्याशिवाय. चीक आणि दुहेरी काटे यांमुळे वाढलेल्या जाळीला गुरे सहसा तोंड लावत नाहीत.

अडचण रोपांची आहे. करवंदाचे बी जुने झाले की उगवत नाही. मे महिन्यात जमवून डब्यात ठेवलेले बी श्रावणात पेरणे म्हणजे पिशव्या फुकट घालवणे. पूर्ण काळी फळे चोळून बी धुवावे, सावलीत दोन दिवस सुकवून आठवडाभरात पेरावे, जेमतेम एक सेंटिमीटर खोल. पहिले वर्ष रोप वीतभरच राहते, म्हणून लागवड पुढच्या जूनमध्ये. दोन ओळींत दोन फुटांचे अंतर, ओळीत रोपे अडीच फुटांवर, समोरासमोर न लावता तिरपी. शंभर मीटर बांधाला अशी सुमारे २७० रोपे लागतात; मर धरून ३०० तयार ठेवावीत.

रोप गुडघाभर झाले की शेंडा खुडावा. इथेच बहुतेकांचे चुकते. न खुडलेले झाड वर पसरते, बुंधा उघडा राहतो आणि रानडुक्कर खालून सरळ आत येते. छाटणी फळे संपल्यावर, जूनमध्येच करावी. थंडीत कात्री चालवली तर फेब्रुवारी-मार्चचा मोहर आपणच कापतो. पहिली दोन वर्षे बाहेरून वई लागतेच, कारण कोवळा पाला शेळ्या सोडत नाहीत. दिवाळीनंतर बाहेरचे गवत तीन मीटर पट्ट्यात कापून घ्यावे, नाहीतर एका वणव्यात सगळे जाते.

कुंपण उत्पन्नही देते. लोणच्याला हिरवी, टणक फळे घ्यावीत. देठ काढताच निघणारा पांढरा चीक बोटांना चिकटतो, म्हणून आधी हाताला तेल लावावे आणि फळे मिठाच्या पाण्यात धुवावीत. जेलीसाठी नुसती पिकलेली घेतली तर ती नीट घट्ट होत नाही. पेक्टिन कच्च्या फळात जास्त, तेव्हा थोडी कच्ची मिसळावीत. फळ फार आंबट, म्हणून भांडे स्टीलचे हवे. पिकलेले करवंद मात्र दोन-तीन दिवसांतच मऊ पडते, ते द्रोणात घालून त्याच दिवशी विकलेले बरे. (आतून लाल म्हणजे कोंबडा की पांढरे म्हणजे कोंबडी, हे गिऱ्हाईक बघेल!)

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हे मोठ्या फळाचे वाण दिले आहे. फळबागेसाठी ते उत्तम, पण कुंपणाला रानातले बीच पुरते. कृषी खात्याने तालुका रोपवाटिकांत कलमांबरोबर करवंदाची एक वर्षाची रोपेही जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवावीत आणि कुंपणाच्या अनुदानात जिवंत कुंपण धरावे. जेसीबीने सडे (कातळाची पठारे) साफ करताना बांधावरच्या जुन्या जाळ्या तरी बागायतदारांनी राखाव्यात. पुढच्या रोपांचे बी तिथूनच मिळणार आहे.

– एक बागायतदार, राजापूर