वळून बसलेला माणूस

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, "बाबा, त्या कोरियन मालिकांनी तुम्हां दोघांना वेड लावलं आहे, पण त्यातलं प्रेम खरं नसतं, उगाच भलत्या अपेक्षा वाढतात." तेव्हा मी नुसते "हं" म्हणालो. तुझे अर्धे म्हणणे मला पटले होते आणि अर्धे मुळीच पटले नव्हते. हे दोन भाग वेगळे करून सांगायला मला कागद लागतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पटलेला भाग आधी सांगतो. बड्या उद्योगसमूहाचा एकुलता एक वारस, त्याच्या वाट्याला येणारी गरीब पण मानी मुलगी, ऐन मोक्याला आडवा येणारा ट्रक, त्या अपघातात गेलेली स्मृती, लहानपणीच एकदा झालेली आणि दोघेही विसरलेली भेट, हे सगळे मी इतक्यांदा पाहिले आहे की ट्रकचे दिवे दिसले की तुझी आई स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवते. २००२ सालची 'विंटर सोनाटा' सगळ्या जपानने डोक्यावर घेतली, पण तिचाही डोलारा गेलेल्या स्मृतीवरच उभा आहे. 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स'बद्दल तर माझा राग अजून गेलेला नाही. मूळची जपानी चित्रकथा, तिच्यावर २००१ मध्ये तैवानने मालिका केली, २००५ मध्ये जपानने आणि २००९ मध्ये कोरियाने, म्हणजे निम्म्या आशियातल्या मुली ही गोष्ट पाहत वाढल्या. गोष्ट काय, तर श्रीमंत मुलगा सगळ्या शाळेला एका मुलीच्या अंगावर सोडतो आणि पुढे त्या छळालाच प्रेमाची सुरुवात म्हणायचे. मुलीचे मनगट धरून तिला ओढत नेणारे नायक त्या काळात जागोजागी दिसतात. हे प्रेम नव्हे. ते पाहून कोणाच्या अपेक्षा बिघडत असतील तर तुझी काळजी रास्त आहे, आणि बाप म्हणून ती मलाही आहे.

पण तू सगळ्यांना एकाच मापाने मोजलेस, तिथे माझी हरकत आहे. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' तू पाहिली आहेस. सोलची श्रीमंत उद्योजिका सेरी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून सीमेपलीकडे उत्तर कोरियात पडते आणि तिथला एक लष्करी कप्तान तिला लपवून ठेवतो, ही कल्पना अशक्य कोटीतली आहे, हे मीही मान्य करतो. तरीही त्या अशक्य गोष्टीत लेखिका पार्क जी-उन यांनी जे बारीक विणकाम केले आहे ते मला फार खरे वाटते. सेरी त्याच्याकडे सुवासिक मेणबत्ती मागते, आणि वीज जाते म्हणून मेणबत्ती लावणाऱ्या त्या गावात, मेणबत्तीला सुवास कशासाठी हवा हेच त्या माणसाला कळत नाही. तो साधी मेणबत्ती आणतो. पुढे बाजारात ती हरवते. अंधार पडतो, अनोळखी माणसांची गर्दी आहे, तोंड उघडले तर बोलीवरून ती दक्षिणेची आहे हे कळेल. तेवढ्यात लोकांच्या डोक्यांवर एक ज्योत उंच धरलेली दिसते. तो तिथे उभा आहे, आणि या वेळी मेणबत्ती सुवासिक आहे. तिला कॉफीची सवय आहे हे लक्षात ठेवून तो कच्च्या बिया मिळवतो, चुलीवर लोखंडी भांड्यात भाजतो आणि तिला कॉफी करून देतो, तेव्हाही प्रेमाचा शब्द कोणी काढलेला नसतो.

याला तू भलती अपेक्षा म्हणतेस का? वारसाचा बंगला आणि विमान ही भलती अपेक्षा आहे. आपण काय मागितले होते आणि ते नेमके का मागितले होते, एवढे कोणीतरी ध्यानात ठेवावे, ही अपेक्षा तू जरूर ठेव आणि ती कमी करून घेऊ नकोस.

दुसरी गोष्ट भाषेची. ती तुला इंग्रजी उपशीर्षकांमुळे निसटत असावी, असा मला संशय आहे. कोरियन भाषेत आदराने बोलण्याची रीत वेगळी आणि सलगीची वेगळी, आणि क्रियापदाच्या शेवटावरून ती कळते. अनेक मालिकांमध्ये दोघे सहा-सात भागांपर्यंत एकमेकांशी आदरार्थीच बोलतात आणि मग एक जण विचारतो की, आता आपण मोकळेपणाने बोलायचे का. खाली पाहावे तर अक्षरांत पूर्वीही 'यू' आणि नंतरही 'यू'. आपल्याला मात्र ते लगेच उमगते, कारण 'तुम्ही'वरून 'तू'वर येताना जीभ किती अडखळते हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. आपल्याच घरात बघ. तू मला 'अहो बाबा' म्हणतेस आणि आईला 'अगं आई'. तुझी आई मला इतकी वर्षे 'अहो' म्हणत आली, आणि मी तिला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणालो. कोरियन पडद्यावर एका शब्दाच्या बदलासाठी नायकाला परवानगी मागताना पाहिले तेव्हा, आपण ती कधी मागितली नव्हती, हे माझ्या प्रथमच ध्यानात आले. त्यांचे ते "जेवलीस का" विचारणेही तसेच. तिकडे विचारपूस भातापासूनच सुरू होते, जशी तुझी आजी फोन उचलल्यावर "जेवलीस ना गं?" याशिवाय दुसरे काही आधी विचारत नसे.

आता कथनाबद्दल. साधारण सोळा भाग, आठवड्याला दोन, भाग तासाभराचा किंवा थोडा मोठा, आणि बहुतेक वेळा आरंभापासून शेवटापर्यंत एकच लेखिका किंवा लेखक, ही तिकडची चाल आहे. आपल्याकडे मालिका आठवड्याचे पाच-सहा दिवस चालते आणि टीआरपी टिकला तर शेकडो भागांपर्यंत ताणली जाते. आपल्या लेखकांच्या अंगी काही कमी आहे असे मला अजिबात वाटत नाही. शेवट कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाला पहिल्या भागात पेरलेले पंधराव्या भागात उगवून दाखवता येत नाही, इतकेच. कोरियन मालिकाही शेवटाकडे ढेपाळतात, तो दोष मी झाकणार नाही. कारणाशिवाय दोघांना वेगळे करायचे, "एक वर्षानंतर" अशी पाटी दाखवायची आणि पुन्हा भेटवायचे, याने अनेक चांगल्या मालिकांची चव गेली आहे.

पेरणी उत्तम कशी करावी हे मला २०१५-१६ च्या 'रिप्लाय १९८८'ने दाखवले. पहिल्याच भागात सोलच्या सांगमुनदोंग भागातली एक गल्ली आहे आणि संध्याकाळची जेवणाची वेळ आहे. एका घरची आई मुलाच्या हाती शेजारी एक पदार्थ पाठवते, शेजारीण ते भांडे रिकामे परत पाठवत नाही, आणि हातात भांडी घेतलेली पोरे गल्लीभर पळत राहतात. आमच्या वाड्यात अगदी हेच चालत असे, म्हणून तुझ्या आईने तो प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला. त्याच भागात नायिका डकसुनचा बाप धाकट्या लेकीला केक आणून देतो, कारण तिचा वाढदिवस दर वर्षी थोरलीच्या वाढदिवसातच उरकला जात असे. आपणही जन्मतः बाप नव्हतो, बाप होण्याची आपलीही ही पहिलीच वेळ आहे, अशा अर्थाचे काहीतरी तो तिला सांगतो. बाळ, तू दोन वर्षांची असताना तापाने फणफणली होतीस आणि मी रात्रभर तुला खांद्यावर घेऊन फिरत होतो, तेव्हा हे वाक्य माझ्यापाशी असते तर बरे झाले असते.

त्याच मालिकेतला जंगह्वान मनातले कधी बोलत नाही. शेवटी एका रात्री तो डकसुनकडे गाडीने निघतो, वाटेत दर चौकात सिग्नल लाल होतो, आणि तो पोहोचतो तेव्हा दुसरा तिथे आधीच उभा असतो. तो दुसरा, ताएक, आपला महत्त्वाचा सामना सोडून आलेला असतो. जंगह्वान आधी नशिबाला बोल लावतो, आणि मग कबूल करतो की दोष सिग्नलचा नव्हता, वेळोवेळी कचरलेल्या आपल्या मनाचा होता. ट्रक आणून लेखिकेला हे सहज टाळता आले असते. त्याऐवजी तिने माणसाला स्वतःच्या चुकीसमोर उभे केले, आणि माझ्या मते चांगली मालिका इथेच ओळखू येते.

आता ज्या मालिकेने मला हे पत्र लिहायला बसवले तिच्याकडे येतो. 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' २०२५ च्या मार्चमध्ये आली. तिचे मूळ नाव जेजू बेटावरच्या बोलीत आहे आणि त्याचा अर्थ "तुम्ही फार कष्ट केलेत" असा होतो. नायिका एसुनची आई हेन्यो असते, म्हणजे श्वास रोखून समुद्रात बुडी मारणारी आणि तळाची गोगलगाय-शिंपली काढून पोट भरणारी. ती तरुणपणीच जाते. ग्वान्सिक लहानपणापासून एसुनच्या मागे उभा असतो. एसुन शिकायची आस असलेली, कविता लिहिणारी. तो कमी बोलणारा, तिची कोबी तिच्याऐवजी विकणारा.

लग्नानंतर ग्वान्सिकच्या घरी पुरुषांचे ताट वेगळे आणि बायकांचे वेगळे असते. ग्वान्सिक काही बोलत नाही, भांडत नाही. तो पुरुषांच्या ताटाकडे पाठ करून बसल्या जागी वळतो, आणि एसुनच्या बाजूला तोंड करून जेवू लागतो.

मी तिथे मालिका थांबवली. आपल्या गावच्या घरी पहिली पंगत पुरुषांची असे, हे तुला थोडेफार आठवत असेल. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत तुझी आई सकाळपासून उभी होती. आमची पंगत उठली, मग पाहुण्यांची, मग मुलांची, आणि ती जेवायला बसली तेव्हा साडेतीन वाजले होते आणि मोदक संपले होते. मी ते पाहिले होते. माझ्या ताटात दोन मोदक होते तेव्हाच मला ते कळत होते, तरी मी काही केले नाही, कारण काय करता येईल हे मला सुचले नाही. नुसते वळून बसता येते, हे मला ती मालिका पाहताना कळले. मी तुझ्या आईला तो गणपती आठवतो का, असे विचारले. ती म्हणाली, "मोदक ना? आठवतं की." एवढेच म्हणाली आणि मला पुढे लावायला सांगितले.

ती मालिका चार-चार भागांच्या चार संचांत आली होती. आम्ही बारा भाग पाहिले आहेत. शेवटचे चार तू दिवाळीला आल्यावर तिघांनी मिळून पाहायचे, असे तुझ्या आईने ठरवले आहे. तू ते आधीच पाहिलेस आणि रडलीस, असे तिच्याकडून कळले, पण शेवट काय आहे ते आम्हांला सांगू नकोस. तिकीट काढलेस की कळव. मोदक या वेळी मी करायला शिकतो आहे. उकड अजून चिरते, पण तू येईपर्यंत जमेल.

तुझा,
बाबा