लाकूड बंद करा, पण घरमालकाच्या सहीअभावी बेकरी बंद पाडू नका : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

मुंबई उच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2025 रोजी लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि खाद्यगृहांना स्वच्छ इंधनावर जायला सहा महिने दिले. धुराबद्दल आमचं दुमत नाही. भट्टीत पुष्कळदा जळतं ते मोडक्या फर्निचरचं, पाडलेल्या इमारतींचं भंगार लाकूड, रंग आणि प्लायच्या गोंदासकट. ते थांबायलाच हवं. पण त्या नादात जी शटरं पडतील, त्यातली बरीचशी पुन्हा वर जाणार नाहीत.

हॉटेलातल्या तंदूरचं सोपं आहे. कोळशाचा काढला, गॅसचा बसवला. गिऱ्हाईक चवीवरून आठवडाभर कुरकुरेल, मग विसरेल.

बेकरीची भट्टी म्हणजे खोलीएवढं बांधकाम. एकदा पेटवली की जाड विटा तासन्‌तास धग धरून ठेवतात. आधी कडक तापावर ब्रून (कडक कवचाचा पाव), धग थोडी उतरली की लादी पाव, मग नानखटाई, आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या उबेवर टोस्ट वाळत राहतो. एका जाळात चार माल निघतात. ओव्हनमध्ये प्रत्येक घाण्याला इंधन वेगळं.

म्हणून काहीजण जुन्याच भट्टीच्या तोंडाशी गॅसचा बर्नर लावून बघतात. ज्योत एकाच जागी आदळते, तिथली वीट तडकते, एका कोपऱ्यातला पाव करपतो आणि दुसऱ्या कोपऱ्यातला पांढरा राहतो. ज्योत विझली तर गॅस आपोआप तोडणारा व्हॉल्व्ह नसेल, तर धोका वेगळाच.

आता इंधनाचं गणित. बेकरी रोज 100 किलो लाकूड जाळते असं धरू. 100 किलो सुक्या लाकडाची उष्णता साधारण 33 किलो एलपीजीएवढी. ओव्हन भट्टीच्या दुप्पट काटकसरी धरला, तरी रोज 16-17 किलो लागणार, म्हणजे 19 किलोचा एक सिलिंडर जवळपास रिकामा. पेसोच्या (स्फोटकं आणि गॅसच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या) परवान्याविना 100 किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो. म्हणजे पाच सिलिंडर, आठवड्याचीही बेगमी नाही. तेव्हा खरी वाट पाइपच्या गॅसची किंवा विजेची.

आणि गाडी तिथेच अडते. जुन्या बेकऱ्या बहुतेक पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर घेतलेल्या, गाळ्यांत आहेत. पाइप आत घ्यायचा तर घरमालकाचं ना-हरकत पत्र लागतं. विजेचा ओव्हन घ्यायचा तर 20 किलोवॅटच्या आसपास थ्री-फेज जोडणी हवी, मीटरला जागा हवी, पुन्हा घरमालकच. ज्याला इमारत पुनर्विकासाला काढायची आहे, तो सही कशाला देईल? बेकरी बंद पडली तर त्याचा एक भाडेकरू आयताच कमी होतो.

पैशाचंही तसंच. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान आहे, पण ते कर्जाला जोडलेलं, आणि बँक जागेचे कागद मागते. पावावर जीएसटी शून्य, म्हणून ओव्हनवर भरलेल्या 18 टक्क्यांचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) निव्वळ पाव विकणाऱ्याला मिळत नाही. तो खर्च अंगावरच.

त्यात भट्टी थंड व्हायलाच काही दिवस जातात, मग पाडकाम, राडारोडा, नवं यंत्र, जोडणी. तेवढ्या दिवसांत वडापावच्या गाड्या दुसरीकडून लादी उचलतात, सायकलवरचा पाववाला दुसरी बेकरी धरतो आणि कारागीर गावाला निघून जातात.

म्हणून मागणी एवढीच:

गॅस आणि वाढीव विजेच्या जोडणीसाठी पागडीच्या भाडेकरूची भाडेपावती आणि आरोग्य परवाना पुरेसा माना, घरमालकाच्या सहीची अट काढा. जोडणीचा अर्ज भरून पैसे भरलेल्या बेकरीची मुदत, गॅस प्रत्यक्ष सुरू होण्याच्या तारखेपासून मोजली जावी, यासाठी सरकारने न्यायालयात बाजू मांडावी. तोवर त्या भट्टीत भंगार लाकूड सापडलं, तर खुशाल टाळं ठोका.

आपले,
मुंबईतल्या बेकरी धंद्यातली काही मंडळी