रागावू नका, आधी पूर्ण वाचा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज भरून आला की माझं अर्धं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितेय. दसऱ्यानंतर आम्ही आठ घरं मिळून त्र्यंबकच्या पुढे राहायला जातोय. खरेदीखत झालंय.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न कागदांचा असणार. एजंटानं आधी निम्म्या भावात दाखवलेली जमीन महादेव कोळी कुटुंबाची होती. जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायलाच काय, भाडेपट्ट्यानं द्यायलाही कलेक्टरची आगाऊ परवानगी लागते. ‘आदिवासी गड्याच्या नावावर घ्या’ म्हणे एजंट! आम्ही उठून आलो. घेतली ती बिगरआदिवासीची, जुन्या शर्तीची, म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी. जुने फेरफार काढून ‘इतर हक्क’ रकानाही तपासला. निफाडच्या सातबाऱ्यावर तुम्ही माझं नाव लावलंत, म्हणून मी शेतकरी ठरले आणि शेतजमीन घेता आली. तेव्हा काकांची बोलणी तुम्हीच खाल्लीत.

पण सगळं काही सातबाऱ्यावर नसतं. गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन मे महिन्यात शिवार फिरलो, जुलैत परत. मेमध्ये वाटा दिसतात, जुलैत पाणी कुठून वाहतं ते. गुरांची आठ फुटी वाट आणि वाघदेवाचा दगड कुंपणाबाहेर सोडलाय, वाघबारसेला गाव तिथे येतं. भातलावणीत बांधकाम बंद ठेवतोय. आमच्या रोख मजुरीपायी माणसं इकडे आली, तर राबातली, म्हणजे रोपवाटिकेतली, रोपं निबर होतात आणि वर्षाचं भात जातं.

बोअर घेणार नाही. एवढा पाऊस पडूनही काळ्या कातळावरून वाहून जातो, उन्हाळ्यात गावची विहीर तळाला जाते. आमचा बोअर त्याच भेगेतलं पाणी ओढेल आणि हंड्यांची रांग आमच्याकडे बघत उभी राहील. त्यापेक्षा छपराचं पाणी. 50 चौरस मीटर पत्र्यावर 1000 मिमी पाऊस म्हणजे 50,000 लिटर, गळती वजा जाता 40,000. वीस माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज माणशी दहा लिटर धरले तर 200 दिवस पुरतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं, पत्र्यावरची घाण त्यात येते. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी, नाहीतर डास. अंघोळीला जुनी विहीर आहे, मोटर रोज एक तासच.

आई, तुझी खोली पूर्वेला काढलीय. पाणी तापवायला बंब, देवघराला कोनाडा, दारात पायरीऐवजी उतार. लहानपणी गोदावरीच्या घाटावर तू माझं मनगट धरायचीस ना, तसा कठडा लावलाय, हाताला गार लागू नये म्हणून लाकडी. मी तुम्हाला सोडून चालले असं मनात आणू नकोस गं. नाशिक तासाभरावर आहे, रविवारी मी घरीच.

आता ऐका. बाबा, साखरेची गोळी उपाशीपोटी की जेवल्यावर, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आई, माळ्यावर चढायचं नाही. डबे मी काढून देईन. आणि हो, तिथल्या कमोडची उंची अजून ठरायचीय. बाबा, ज्या खुर्चीतून हात न टेकता उठता, तिची उंची टेपनं मोजून कळवा.

तुमची,
छकुली