शुभे, एक सही जास्त झालीय

पाचपाखाडी, ठाणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय शुभा,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. त्यावरून तू मला मनातल्या मनात जे काही म्हटलं असशील ते सगळं मंजूर. आताही आठवण दाटून आली वगैरे काही नाही, काम आहे म्हणून लिहितेय. सुधीरला सगळं सांगून झालं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि "बरं, मग मॅच लावू का?" म्हणाला. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी अर्धा तास युनिक्सची सॉर्ट कमांड म्हणजे काय यातच जाईल. तेव्हा तूच सापडलीस.

तब्येत बरी. शुगर हद्दीत. गुडघा कुरकुरतो, मी लक्ष देत नाही.

आमच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाचं घोडं अखेर हललंय. चाळीस सभासद. २०१९ च्या शासन निर्णयापासून ५१ टक्के संमती पुरते, म्हणजे हिशोबाने वीस पूर्णांक चार, म्हणजे एकवीस. मध्यंतरी बंड्याने ग्रुपवर टाकलं, 'एकवीस झाल्या!!' त्याखाली फटाके, पेढे, जोडलेले हात, विचारू नकोस. तोच बंड्या, गच्चीवरून पडून हात मोडून घेतलेला. आता कमिटीत आहे. केस पांढरे झाले, अक्कल होती तेवढीच आहे.

चेअरमन मला म्हणाले, मॅडम, तुम्ही बँकेत कॉम्प्युटरला होतात, सभेला रजिस्ट्रारचा अधिकारी येईल, त्याआधी संमतीची यादी जे रजिस्टरशी, म्हणजे सभासदांच्या यादीशी, एकदा ताडून द्या. डोळ्यांनी ताडायची तर चहा निवेपर्यंतचं काम. बंड्याने तसं केलंही होतं, प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. पण निनादचा जुना लॅपटॉप घरात पडलाय, त्यात उबुंटू आहे, म्हणजे आपल्या युनिक्सचंच भावंड, आणि मला खाज. चाळीस ओळींना कमांड कशाला, असं म्हणू नकोस. गोखले रोडच्या युनिक्सच्या क्लासमध्ये तूही चार ओळींसाठी ऑकचा प्रोग्रॅम लिहीत बसायचीस, मागे टर्मिनलसाठी रांग लागलेली असायची.

पहिलाच अपशकुन. रजिस्टरमधली नावं उचलून फाइलमध्ये टाकली, ओळी मोजायला डब्ल्यूसी मायनस एल मारला, तर एकोणचाळीस. शेवटच्या नावानंतर एंटर राहिला होता. डब्ल्यूसी ओळी मोजत नाही, ओळ संपल्याच्या खुणा मोजतो, हे आपले क्लासचे पेंडसे सर फळ्यावर खडू आपटून सांगायचे. यात जे गळले ते सभासद म्हणजे खुद्द चेअरमन. मी त्यांना हे कळवलेलं नाही.

मग बंड्याच्या यादीतून कट मायनस डी, स्वल्पविराम, मायनस एफ दोन करून नुसती नावं काढली. दोन्ही याद्या सॉर्ट केल्या, म्हणजे क्रमाने लावल्या, आणि ताडून बघणाऱ्या कॉमला दिल्या. मायनस एक दोन, म्हणजे दोन्हीकडे असेल तेवढंच दाखव. उत्तर काय, तर काहीच नाही. एकवीस जणांची संमती, आणि त्यातला एकही आमचा सभासद नाही!

तू असतीस तर एका सेकंदात ओळखलं असतंस. मला कॅट मायनस कॅपिटल ए मारावा लागला, न दिसणाऱ्या खुणाही दाखव म्हणून. हा मराठीचं काय करतो तुला ठाऊक आहे का? आपल्या वेळी त्या एससीओ युनिक्सवर मराठी होतं कुठे म्हणा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, आणि कॅट ते बाइट एकेक सोलून दाखवतो. पहिला बाइट एम-बॅकटिक, दुसरा डॉलर नाहीतर टक्का, तिसरा काहीतरी. अख्खा पडदाभर डॉलर आणि टक्के. सुधीर मागून जाता जाता म्हणाला, "बिल्डरची फाइल दिसतेय." लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस वेळेवर विनोदी बोलला, नोंद करून ठेव. तर त्या गर्दीत ओळीच्या टोकाचा खरा डॉलर शोधला, आणि त्याच्या आधी होतं तेच, टोपी आणि एम. बंड्याची फाइल विंडोजची, प्रत्येक ओळीच्या टोकाला कॅरेज रिटर्न नावाच्या जादा खुणेचं शेपूट. टीआर मायनस डीने ते छाटलं, पुन्हा सॉर्ट, पुन्हा कॉम.

आता वीस जुळली.

एकविसावं नाव बघायला कॉम मायनस एक तीन मारला, म्हणजे फक्त संमतीच्या यादीत आहे, रजिस्टरमध्ये नाही असं. आलं कोण? कऱ्हाडे काकू! ज्यांच्या घरी आपण परीक्षेच्या आधी जेवायला जायचो त्या. त्या सभासद नाहीत? वर जाऊन बघते तर जुळलेल्या वीसमध्येही कऱ्हाडे काकू आहेतच. म्हणजे काकू सभासद आहेत आणि नाहीतही. युनिक मायनस डी मारून पाहिला, दुबार नाव असेल तर दाखव म्हणून. तो गप्प. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या, मात्रेचाही फरक नाही. डब्ल्यूसी मायनस सीने बाइट मोजले तर एक ओळ दुसरीपेक्षा बरोबर तीन बाइटने लांब.

तिथे माझ्या डोक्यात घंटा वाजली. ओडी मायनस सी मारला, म्हणजे एकेक बाइट आकड्यात दाखव. अगं, आपला तो ऱ्ह, ऱ्य मधला अर्धा र! तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ आणि हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्याच्या शेपटाला एक न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे. पडद्यावर तंतोतंत सारखे. ओडीत मात्र एकीकडे २६१ आणि दुसरीकडे २६० असून पुढे ३४२ २०० २१५ अशी तीन बाइटची लांब शेपटी. मला वाटलं युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं, केलं की दोन्ही एक होतील. कसले होतात! युनिकोडच्या लेखी ऱ म्हणजे र खाली नुक्ता, त्याचं या जोडकवाल्या रूपाशी काही नातंच नाही. शेवटी शोधून बदलणाऱ्या सेडची एक ओळ लिहून सगळे अर्धे र एका जातीचे केले, मग सॉर्ट, मग युनिक मायनस डी. एकच ओळ बाहेर आली.

एकाच नावाची दोन माणसं नकोत म्हणून फ्लॅटचा रकानाही पाहिला. एकीकडे बी तिरकी रेघ सात, दुसरीकडे बी डॅश सात. मूळ अर्ज काढले. पहिला काकूंनी स्वतः कागदावर भरलेला, बंड्याने टाइप केलेला. दुसरा ऐरोलीच्या श्रीने आईच्या वतीने फोनवरून पाठवलेला. त्याने फाइलचं नाव मायनसपासून सुरू केलंय, त्यामुळे नाव बदलायला गेले तर एमव्ही मला सांगतो, असा ऑप्शन माझ्याकडे नाही. आधी दोन मायनस देऊन 'ऑप्शन संपले, आता नावं' असं सांगावं लागलं. लबाडी कुणाचीच नाही गं. आईने सही केली हे मुलाला ठाऊक नाही, मुलाने पाठवलं हे आईला. एकमेकांशी काय बोलतात देव जाणे.

म्हणजे संमती वीस. पन्नास टक्के. एक कमी.

आणि शुभे, मी अजून सही केलेली नाही.

आता कळलं का तुला लिहायला का बसले? मी नको म्हटलेलं नाही. करारनाम्याच्या मसुद्यात बँक गॅरंटीची ओळ गुळमुळीत आहे, आणि बांधकाम लांबलं तर भाडं कुठवर देणार ते लिहिलेलंच नाही. या दोन ओळी नीट करा, मग करते, असं मी लेखी दिलंय. बँकेत आयुष्य गेल्यावर गॅरंटीची ओळ न वाचता सही कशी करू? पण इथे लोकांच्या लेखी दोनच रकाने आहेत, हो आणि विरोधक. आता विरोधक बाई उठून म्हणणार, तुमची एक सही बाद, आणि पुरावा काय तर काळ्या पडद्यावरचे आकडे. जोडक, झेडडब्ल्यूजे, ३४२! बंड्या म्हणेल, दोन्ही नावं सारखीच दिसतायत की वहिनी, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय. आणि तसे दोन अर्ज शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही कळेल, पण मी काहीतरी करून सभा उधळली हेच लोकांच्या लक्षात राहील.

बरं, उधळली तर त्याची झळ मला नाही. मंगलच्या स्वयंपाकघरातल्या स्लॅबचा गिलावा मेमध्ये खाली आला, पोळ्या लाटत होती, जरा बाजूला सरकली म्हणून वाचली. ए विंगच्या वरच्या मजल्यावर पावसाळाभर बादल्या असतात. त्यांना मी काय सांगू, अर्ध्या रमुळे आणखी एक पावसाळा काढा?

सुधीर म्हणतो गप्प बस, अधिकाऱ्याचं काम अधिकारी करेल. मला ते जमत नाही, तुला माहितीय. तुझ्या क्रॉनटॅबच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या जॉबच्या यादीच्या, वेळीही जमलं नव्हतं. दुरुस्तीचं मायनस ई मारायचं ते तू पुसायचं मायनस आर मारलंस, शेजारशेजारची बटणं, आणि रात्रीचे सगळे जॉब विचारपूस न करता पुसले गेले. तू म्हणालीस कुणाला सांगू नकोस, मी सकाळी गुपचूप टाइप करते. मी साहेबांना सांगितलं. तू माझ्याशी किती दिवस बोलली नाहीस! जॉबची यादी माझ्या वहीत लिहिलेली होती म्हणून निभावलं, हे तू अजून कबूल करत नाहीस. असो. तेव्हा बरोबर कोण होतं यावर आपलं कधी एकमत होणार नाही, पण त्यावेळी माझा त्यात काही स्वार्थ नव्हता. आता लोकांना तो दिसणार, आणि खरं सांगू, मलाही थोडासा दिसतो. सही एक कमी पडली की माझ्या दोन ओळींना एकदम वजन येतं. ती वीस नावं आली तेव्हा, काकूंचं नाव दिसायच्याही आधी, मला क्षणभर बरं वाटलं होतं. हे सुधीरला सांगितलेलं नाही.

म्हणून अडलंय ते क्रमाशी. आधी सही करून मग सांगितलं, तर कुणी माझ्याकडे बोट दाखवणार नाही, संमतीही एकवीसच राहील, मंगलचं घर मार्गी लागेल. पण मग ती सही मी कराराला दिली की स्वतःच्या नावाला? आणि गॅरंटीची ओळ तशीच गुळमुळीत. आधी सांगितलं, तर सगळे एका सुरात म्हणणार, मग करा की तुम्ही सही, एकच तर हवीय. सगळी बिल्डिंग माझ्या दाराशी. युनिकच्या आधी सॉर्ट हवा, नाहीतर लांब लांब पडलेली दुबार नावं त्याला दिसतच नाहीत, एवढं आपल्याला शिकवलं. इथे आधी काय ते कमांडची माहिती देणाऱ्या कोणत्या मॅन पेजवर लिहिलंय?

आत्तापुरतं माझ्या मनात असं आहे. सभेच्या आधी चेअरमनना एकट्यांना गाठायचं, दोन्ही अर्ज समोर ठेवायचे, पडद्याचं नावही काढायचं नाही. काकूंनाही आधी विचारायचं, कोणता अर्ज ठेवायचा म्हणून. आणि त्याच बैठकीत म्हणायचं, त्या दोन ओळी दुरुस्त करून आणा, मी तिथल्या तिथे सही करते. याला सौदा म्हणतात का? सुधीर म्हणतो हो. तुला काय वाटतं ते सरळ सांग, मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. तशी तू कधी बोललीही नाहीस. फाइल थेट ग्रेपला शोधायला न देता आधी कॅट करून मग पाइपने ग्रेपला दिली म्हणून मला भर क्लासमध्ये 'मांजर कशाला मध्ये?' म्हणाली होतीस. मी अजून तसंच करते. डावीकडून उजवीकडे वाचता येतं, काय बिघडलं?

एका कमांडचं उत्तर थेट दुसरीला देणाऱ्या त्या पाइपची पेंडसे सरांची गोष्ट परवा निनादला सांगितली. १९७३ साली मॅकिलरॉयच्या हट्टापायी केन थॉम्प्सनने एका रात्रीत युनिक्सला पाइप बसवला, ती. तू हात वर करून विचारलं होतंस, "सर, त्या रात्री त्याच्या घरी जेवण कुणी केलं?" निनाद हसून लोळला. म्हणाला, शुभामावशीला भेटायलाच हवं.

तुझं काय चाललंय? अन्वयाचं ठरलं असं उडत उडत कळलं, तारीख मला शेवटी कळवणार असशील तर बघ. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नाशिकला थंडी असेल, तुझा दमा सांभाळ. घराचं रंगकाम संपलं की नाही? फोटो पाठव. मी भाजणी करून ठेवलीय, कुणी येणारं मिळालं की धाडते.

सभा पुढच्या शनिवारी आहे. त्याआधी फोन कर, रात्री नऊनंतर, सुधीर मॅचला बसला की.

तुझीच,
मीना

ता. क. सेडची ओळ आणि दोन्ही याद्या मेलवर टाकतेय. नावं तेवढी तुझ्यापाशीच ठेव. माझ्या सेडमधून 'जास्तच' काही बदललं जात नाहीये ना ते तुझ्या मशीनवर फरक दाखवणारा डिफ लावून बघ. सेडला मायनस आय मात्र लावू नकोस, तो मूळ फाइलच बदलतो, तुझा हात लगेच तिकडे जातो. लावायचाच तर त्याला चिकटून डॉट बॅक लिही, म्हणजे मूळ प्रत बाजूला राहील. उद्या अधिकाऱ्याने विचारलं तर बंड्याची फाइल, कॅरेज रिटर्नसकट, होती तशी दाखवता आली पाहिजे.