दादा, त्या लास्ट फ्लॅगच्या रिव्ह्यूसाठी मनापासून थँक्यू

दादा, समोर बोलायला गेलं की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे लिहितेय.

लिनक्सच्या व्हिडिओवाल्या भागातला, म्हणजे व्ही४एल२ मधला, डीकोडर ड्रायव्हरचा (व्हिडिओ उलगडणारं हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचा) तो पॅच, म्हणजे कोडमधला बदल, दिसायला अगदी छोटा होता, शेवटच्या बफरवर (फ्रेमचा डेटा ठेवायच्या जागेवर) लास्ट फ्लॅग, म्हणजे "हा शेवटचा" अशी खूण, लावायचा एवढंच, आणि रिव्ह्यू माझ्याकडे आलेला. तुम्ही हातातलं काम सोडून शेजारी बसलात आणि पहिलंच विचारलंत, शेवटची फ्रेम डीकोडच झाली नाही तर? एररचा रस्ता वेगळ्याच फंक्शनमधून जात होता, तिथून बफर एरर फ्लॅग घेऊन परत जायचा पण लास्ट लागायचाच नाही. म्हणजे प्लेअरने स्टॉप कमांड दिली, आता तो लास्टवाल्या बफरची वाट बघत बसणार आणि तो बफर कधी येणारच नाही! टेस्टिंगमध्ये हे सहज सापडलं नसतं हो, टेस्टच्या फाइल सगळ्या धडधाकट असतात, अर्धवट कापलेली फाइल लोकांच्या मोबाइलवरच येते.

मग तुम्ही फ्लॅगच्या व्याख्या असलेली हेडर फाइल उघडून एकेक फ्लॅग घेतलात, हा लावतं कोण, काढतं कोण, वाचतं कोण. क्यूड म्हणजे बफर ड्रायव्हरच्या रांगेत, डन म्हणजे काम झालंय, ॲप्लिकेशनने उचलायचा बाकी. एरर असला तरी डीक्यूबफ (ड्रायव्हरकडून बफर उचलायचा कॉल) फेल होत नाही, बफर हातात येतो, फक्त आतला डेटा खराब असू शकतो, आणि लास्टवाला उचलल्यावर परत डीक्यूबफ केलं तर ईपाइप, म्हणजे "आता पुढे काही नाही" सांगणारा एरर कोड, मिळतो. टाइमस्टॅम्पचं तर मला माहीतच नव्हतं, की पूर्वी काही ड्रायव्हर भिंतीवरच्या घड्याळाची वेळ द्यायचे, काही मोनोटॉनिक (कधी मागे न जाणाऱ्या घड्याळाची), आणि ॲप्लिकेशनला ते कळायला मार्गच नव्हता, म्हणून कुठलं घड्याळ ते सांगणारे फ्लॅग आले. सगळ्या फ्लॅगना मिळून ३२ बिट, आणि एकदा दिलेल्या बिटचा अर्थ बदलता येत नाही कारण जुने प्रोग्राम त्यावर चालतायत.

सगळ्यात आवडलं ते तुम्ही पॅचवाल्या मुलाला दिलेलं उत्तर. नुसतं "चुकलंय" नाही, कुठल्या ओळीतून बफर कसा निसटतो ते लिहिलंत, डॉक्युमेंटेशनमधला नेमका भाग दाखवलात, व्ही४एल२-कम्प्लायन्स (ड्रायव्हर नियमाप्रमाणे वागतो का ते तपासणारं टूल) चालवून आउटपुट जोडायला सांगितलंत. त्याचा पुढचा व्हर्जन खरंच छान आला.

आता स्टेटलेस डीकोडरची (आधीच्या फ्रेमची माहिती स्वतःकडे न ठेवणाऱ्या डीकोडरची) पॅच सिरीज येतेय, त्यात कॅप्चर बफर, म्हणजे डीकोड झालेलं चित्र ज्यात येतं तो, होल्ड करायचा फ्लॅग आहे. मी आधी वाचून ठेवते, वेळ असेल तर बसाल ना परत?